वूसुंगचा लोहमार्ग आणि वकिलातींचे कागद : एक साधनचिकित्सा

चीन देशांत उतारूंची ने-आण करणारा पहिला लोहमार्ग शांघाय ते वूसुंग असा सन १८७६ सालीं इंग्रज व्यापाऱ्यांनीं घातला, आणि पुढल्याच वर्षीं चिनी सरकारनें तो विकत घेऊन उखडून टाकिला, ही गोष्ट बहुश्रुत आहे. ती सांगतांना तिला एक ठरीव कारणही जोडण्यांत येतें. तें असें कीं, चिनी लोक पूर्वजपूजक व भोळे. थडग्यांवरून आगगाडी गेली तर पितर कोपतील, भूमीचे शुभाशुभ योग, ज्यांस ते फेंग-शुई म्हणतात, ते बिघडतील, या भयानें त्यांस आपलें हित कळलें नाहीं. कांहीं ठिकाणीं तर इंजिन नदींत बुडविल्याचीही कथा आढळते. आम्हीं स्वतः शाळेंत इतिहास शिकवितांना तीस वर्षें ही हकीकत याच स्वरूपांत मुलांस सांगितली. आणि आपल्याकडे १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास गाडी गेली तेव्हां आपण कसे शहाणे ठरलों, असा तिचा उपसंहारही केला. सेवानिवृत्तीनंतर छापील कागदपत्रें व त्यांवरील ग्रंथ सावकाश पाहण्याची सवड मिळाली, तेव्हां आपण मुलांस सांगितलें तें अर्धवट होतें, असें ध्यानांत आलें. त्या चुकीचें परिमार्जन करणें हा या लेखाचा एक हेतु होय. दुसरा, आणि या त्रैमासिकाच्या वाचकांस अधिक जवळचा हेतु, वकिलातींच्या कागदांचें प्रामाण्य कोणत्या कसोटीनें ठरवावें, याचा विचार करणें हा आहे.

प्रथम घटनाक्रम थोडक्यांत देतों. वूसुंग हें ह्वांगपू नदी यांगत्सेस मिळते तेथील बंदर. नदीच्या मुखाशीं वाळूचा उंचवटा असल्यामुळें मोठीं जहाजें तेथेंच थांबत व माल होड्यांनीं शांघायास न्यावा लागे. म्हणून या नऊ मैलांच्या टापूंत लोहमार्ग व्हावा अशी परदेशी व्यापाऱ्यांची इच्छा जुनी होती. १८६६ सालीं ब्रिटिश वकील सर रदरफोर्ड ऑल्कॉक यानें तशी मागणीही केली, पण पेकिंगच्या परराष्ट्रखात्यानें, म्हणजे त्सुंग्ली यामेननें, ती नाकारली. १८७२ सालीं शांघाय येथील अमेरिकेचा उपकॉन्सल ऑलिव्हर ब्रॅडफोर्ड यानें 'वूसुंग रोड कंपनी' काढून जमीन घेण्यास आरंभ केला. पुढें ही कंपनी इंग्रजांच्या हातीं गेली व तिची मुखत्यारी जार्डिन-मॅथेसन या पेढीकडे आली. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाईंचा चीनच्या व्यापारांत ज्या पेढीशीं निकटचा संबंध होता, तीच ही पेढी. अडीच फूट रुंदीचा मार्ग घालून जुलै १८७६ मध्यें शांघाय ते च्यांगवान एवढ्या भागावर गाड्या सुरू झाल्या. ३ ऑगस्ट रोजीं एक चिनी मनुष्य गाडीखालीं सांपडून मेला. त्यानंतर ब्रिटिश वकील सर टॉमस वेड याच्या सांगण्यावरून गाड्या थांबविण्यांत आल्या. २४ ऑक्टोबर १८७६ रोजीं नानकिंग येथें करार होऊन २,८५,००० ताएल चांदी एका वर्षांत हप्त्यांनीं देऊन चीन सरकारनें मार्ग घ्यावा व तोंपर्यंत कंपनीनें तो चालवावा, असें ठरलें. डिसेंबरांत मार्ग वूसुंगपर्यंत पुरा झाला. ऑक्टोबर १८७७ मध्यें शेवटचा हप्ता पोंचतांच नानकिंगचा सुभेदार शेन बाओ-चेन यानें रूळ काढविले. तें सामान नदींत न जातां फॉर्मोसा बेटावर, म्हणजे तैवानांत, पाठविण्यांत आलें. तेथें नवा मार्ग घालण्याचा फूक्येनचा अधिकारी तिंग जी-चांग याचा मनोदय होता. पण तो तडीस गेला नाहीं व रूळ समुद्रकांठीं गंजत पडले.

आतां साक्षीदारांकडे वळूं. या प्रकरणाची प्रचलित हकीकत मुख्यत्वें दोन उगमांपासून निघाली आहे. एक, शांघायचा ब्रिटिश कॉन्सल सर वॉल्टर मेडहर्स्ट व पेकिंगचा वकील वेड यांचा सरकारी पत्रव्यवहार. आणि दुसरा, रिचर्ड रॅपियर यानें १८७८ सालीं प्रसिद्ध केलेलें पुस्तक. रॅपियर हा ज्या इप्सविचच्या कारखान्यानें या मार्गाचीं इंजिनें पुरविलीं त्याचा भागीदार. आणि त्याच्या पुस्तकाचा विषयच मुळीं नव्या देशांत फायदेशीर लोहमार्ग कसे बांधावे हा. मेडहर्स्ट हा व्यापाऱ्यांच्या हिताचा रक्षक म्हणून नेमलेला अधिकारी. ब्रॅडफोर्ड हा तर एकाच वेळीं आपल्या सरकारचा प्रतिनिधि व कंपनीचा संस्थापक. नैयायिकांच्या मतें शब्द प्रमाण होण्यास तो आप्ताचा असावा लागतो. आणि आप्त कोण, तर ज्यास वस्तु जशी आहे तशी ज्ञात आहे व जो ती तशीच सांगूं इच्छितो तो. म्हणजे ज्ञान व विवक्षा या दोन्ही गोष्टी पाहिजेत. या वकिलांस ज्ञान नव्हतें असें कोणी म्हणणार नाहीं. वेड हा तर चिनी भाषेचा नामांकित पंडित होता. प्रश्न विवक्षेचा आहे. आणि तो प्रामाणिकपणाचा नसून ते कोणास व कशासाठीं लिहीत होते, याचा आहे.

या दृष्टीनें एका शब्दाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. कंपनीस शांघायच्या चिनी अधिकाऱ्याकडून जी परवानगी मिळाली ती साधा गाडीरस्ता करण्याची होती. कंपनीच्या नांवांतही अखेरपर्यंत 'रस्ता' हाच शब्द राहिला, 'लोहमार्ग' हा आलाच नाहीं. रूळ पडूं लागल्यावर चिनी अधिकाऱ्यानें हरकत घेतली, तेव्हां कंपनीच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, जमीन रीतसर घेतली आहे, रस्त्यासाठीं घेतली आहे, आणि लोखंडी रूळांचा रस्ता हाही रस्ताच. न्यायशास्त्र शिकलेल्या वाचकास येथें नव्या कांबळ्याचें प्रसिद्ध उदाहरण आठवल्यावांचून राहणार नाहीं : वक्त्यानें 'नवकंबल' या शब्दानें नवें कांबळें सांगितलें असतां प्रतिपक्षी 'याच्याजवळ नऊ कांबळीं कोठें आहेत?' असें म्हणून त्यास खोटें पाडतो. यास वाक्छल म्हणतात. तहांत लोहमार्ग बांधण्याचा हक्क कोठेंही दिलेला नव्हता, आणि सरळ मागितल्यावर तो नाकारला गेला होता. ही गोष्ट ब्रिटिश वकिलातीस पूर्ण ठाऊक होती. कारण नकार तिच्याच दप्तरांत होता. तेव्हां चिनी अधिकाऱ्यांची हरकत थडग्यांवर उभी होती कीं परवानगीच्या कागदावर, हें पाहण्यास चिनी दप्तरापर्यंत जाण्याचीही गरज नाहीं. कंपनीचें नांवच साक्ष देतें.

अमेरिकेच्या बाजूस हा विरोध अधिकच ठळक दिसतो. २८ जुलै १८६८ रोजीं वॉशिंग्टन येथें चीनशीं झालेल्या तहाच्या आठव्या कलमांत अमेरिकेनें स्पष्ट लिहून दिलें होतें कीं, लोहमार्ग, तारायंत्र इत्यादि सुधारणांच्या कामीं चीनच्या अंतर्गत कारभारांत हात घालण्याचा आपला हेतु नाहीं व हक्कही नाहीं. त्या केव्हां व कशा कराव्या हें चीनच्या बादशहानें ठरवावयाचें. या तहास चारच वर्षें झालीं होतीं, तों त्याच सरकारच्या एका उपकॉन्सलनें कंपनी काढली. व्यापारी कंपनी म्हणजे सरकार नव्हे, असा बचाव करतां येईल, व तो अगदींच पोकळ नाहीं. परंतु कॉन्सलच्या कचेरींत बसून काढलेली कंपनी आणि सरकार यांतला भेद चिनी अधिकाऱ्यांनीं ओळखावयास हवा होता, असें म्हणणें म्हणजे त्यांच्याकडून फारच सूक्ष्म दृष्टीची अपेक्षा करणें होय.

आतां भोळेपणाचा मुद्दा. ज्या शेन बाओ-चेनवर रूळ उखडल्याचा दोष ठेवण्यांत येतो, तो फूचौ येथील आरमारी कारखान्याचा प्रमुख होता. फ्रेंच कारागिरांच्या साहाय्यानें तेथें वाफेचीं जहाजें बांधलीं जात व चिनी तरुणांस यंत्रविद्या शिकविली जाई. १८७४ सालीं जपानी फौज फॉर्मोसावर उतरली तेव्हां बेटापर्यंत तारायंत्र न्यावें अशी सूचना यानेंच केली. शांघायचा ज्या अधिकाऱ्यानें कंपनीशीं भांडण मांडिलें, तो फेंग च्युन-क्वांग, हा तर त्याआधीं क्यांगनान येथील तोफा-बंदुकांच्या प्रचंड कारखान्याचा चालक होता. म्हणजे चीनमधल्या दोन सर्वांत मोठ्या यंत्रशाळा ज्यांच्या हाताखालून गेल्या, तेच हे दोघे. त्यांस यंत्राचें भय वाटलें, हें विधान त्यांच्या चरित्राशीं जुळत नाहीं. १८६७ सालीं यामेननें सर्व प्रांताधिकाऱ्यांस लोहमार्गाविषयीं गुप्तपणें मत विचारलें होतें, त्या उत्तरांतही थडग्यांची गोष्ट येते खरी; पण तिच्या जोडीस हमाल, गाडीवाले व नावाडी यांचें पोट बुडेल ही त्सेंग क्वो-फानची चिंता येते, आणि परकीयांनीं देशाच्या आंत मार्ग घालण्यापेक्षां आपणच ते घालून सत्ता आपल्या हातीं ठेवावी, हा ली हुंग-चांगचा विचारही येतो. हा शेवटचा विचार पुढील सर्व प्रकरणाची किल्ली आहे, असें आमचें मत आहे.

सामान्य लोकांविषयीं म्हणावें तर गाड्या चालू असतां एका वर्षांत दीड लाखांहून अधिक उतारूंनीं प्रवास केला, व त्यांत बहुतेक चिनीच होते. शांघायच्या 'शेन-पाओ' या चिनी वर्तमानपत्रानें पहिल्या गाड्यांच्या वेळची गर्दी व उत्साह यांचें वर्णन केलें आहे. त्या पत्राचा मालक इंग्रज होता हें विसरूं नये. तथापि उतारूंचा आंकडा कंपनीच्याच बाजूकडून आलेला असून तो तिच्याच पक्षाच्या भोळेपणाच्या सिद्धांतास बाधक आहे. वादींत स्वपक्षविरोधी साक्षीस जें वजन द्यावें तें या आंकड्यास दिलें पाहिजे.

मग वकिलातींचे कागद टाकूनच द्यावे काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. मीमांसकांनीं वाक्यांचे विधि व अर्थवाद असे भेद केले आहेत. जें करावयाचें तें विधि सांगतो. त्याकडे मन वळावें म्हणून जी स्तुति वा निंदा येते तो अर्थवाद. अर्थवाद सर्वस्वीं खोटा असें मीमांसक मानीत नाहींत. त्याचें तात्पर्य त्याच्या स्वतःच्या शब्दार्थांत नसून विधींत आहे, एवढेंच ते म्हणतात. वकिलाच्या खलित्यांतही एक विधि असतो : अमुक हक्क मिळवावा, अमुक प्रजाजनांचा पैसा वांचवावा, वरिष्ठांनीं अमुक दाब आणावा. चिनी अधिकारी हट्टी, अज्ञानी, पूर्वग्रहदूषित आहेत, हीं वाक्यें त्या विधीचा निंदार्थवाद होत. पुढल्या ग्रंथकारांची चूक अशी झाली कीं, त्यांनीं विधि गाळून अर्थवाद तेवढा उचलला व त्यासच इतिहास म्हटलें.

अर्थवादाचेही मीमांसकांनीं तीन प्रकार सांगितले आहेत, ते आमच्या कामास फार उपयोगी पडतात. दुसऱ्या प्रमाणाशीं ज्याचा विरोध येतो तो गुणवाद. त्याचा शब्दशः अर्थ घेऊं नये. दुसऱ्या प्रमाणानें जें सिद्धच आहे तें पुन्हां सांगतो तो अनुवाद. आणि ज्यास विरोधही नाहीं व आधारही नाहीं तो भूतार्थवाद; तो घडलेल्या गोष्टीचें कथन म्हणून ग्राह्य धरतां येतो. वूसुंगच्या कागदांस ही चाळणी लावून पाहावी. कराराची तारीख, रक्कम, हप्ते, मार्ग चालू व बंद होण्याचे दिवस, हीं दोन्ही पक्षांच्या कागदांत मिळतात, तो अनुवाद. फेंग व शेन हे अज्ञानामुळें विरोधी होते, हें त्यांच्या चरित्राशीं विसंगत, तो गुणवाद. ज्या लहानसहान गोष्टी एकट्या कॉन्सलनेंच नमूद केल्या आहेत, त्या भूतार्थवाद म्हणून, पण 'कॉन्सल म्हणतो' एवढी खूण ठेवून, घ्याव्या.

येथें न्यायासाठीं दुसऱ्या बाजूचीही चिकित्सा केली पाहिजे. नाहीं तर एका अर्धवटपणाच्या जागीं आम्ही दुसरा आणून बसवूं. चीननेंही वकील बाहेर पाठविले होते. क्वो सुंग-ताओ हा लंडनमधील चीनचा पहिला कायमचा वकील जानेवारी १८७७ मध्यें तेथें पोंचला, व त्याच्याबरोबर ल्यू शी-हुंग हा उपवकील होता. दोघेही त्याच आगगाड्यांतून हिंडले. क्वोनें त्याच वर्षीं ली हुंग-चांगास पत्र लिहून लोहमार्ग अवश्य करावे असा आग्रह धरला. ल्यूनें आपल्या रोजनिशींत गाडीच्या वेगाचें कौतुक केलें. पण पुढें बर्लिनची वकिलात करून परत आल्यावर १८८१ सालीं बादशहास अर्ज करून लोहमार्ग अशक्य असण्याचीं आठ, निरुपयोगी असण्याचीं आठ व अपायकारक असण्याचीं नऊ, अशीं एकंदर पंचवीस कारणें मांडलीं. दृष्टि एक, दृश्य एक, आणि वृत्तांत दोन! क्वोच्या प्रवासवर्णनाचे छापण्याचे ठसे सरकारी हुकुमानें नष्ट करण्यांत आले. तेव्हां चिनी दरबारांत केवळ सत्तारक्षणाची शुद्ध दृष्टि नांदत होती, असें मानणेंही चुकीचें होईल. जानेवारी १८८९ मध्यें राजवाड्याच्या एका महाद्वारास आग लागली, तिचाही उपयोग लोहमार्गाच्या विरोधकांनीं अपशकुन म्हणून करून घेतला. भोळेपणा होता, पण वूसुंगच्या प्रकरणाचें तो कारण नव्हता, एवढेंच आमचें म्हणणें आहे. विकत घेतलेला मार्ग आपल्या हातीं आल्यावरही मोडणें यांत शेनचें राजकारणी शहाणपण होतें, असेंही आम्हांस म्हणवत नाहीं. मूळ हरकत सत्तेविषयीं होती. मग सत्ता परत मिळाल्यावर रूळ काढण्याचें समर्थन त्या हरकतींतून निघत नाहीं.

आमच्या मतास पुष्टि देणारें दुसरें उदाहरण लगेच चार वर्षांनीं मिळतें. १८८१ सालीं उत्तरेकडे तांगशान येथें काइपिंगच्या कोळशाच्या खाणीसाठीं सुमारें सात मैलांचा मार्ग झाला. इंजिनियर क्लॉड किंडर हा इंग्रजच होता. पण कंपनी चिनी होती व ली हुंग-चांगचा तिला आश्रय होता. आरंभीं खेंचरांनीं गाड्या ओढल्या, मग जुन्या यंत्राचे भाग जुळवून इंजिन केलें. बादशहांचीं थडगीं त्या प्रांतांत असल्यामुळें तक्रारी तेथेंही झाल्या. तरी हा मार्ग कोणी उखडला नाहीं. उलट १८८८ पर्यंत तो त्येनत्सिनला जाऊन भिडला. थडगीं दोन्हीकडे होतीं, आगगाडीही दोन्हीकडे होती. भेद होता तो मालकीचा. अन्वय-व्यतिरेकानें कारण निश्चित करण्यास याहून सोयीचें उदाहरण मिळणें कठीण.

तात्पर्यनिर्णयाच्या कसोट्यांत उपक्रमाबरोबर फलही पाहावें लागतें. उपक्रम १८६६ सालच्या वेडच्या टिपणांत आहे. त्यांत चीननें लोहमार्ग व तारायंत्रें स्वीकारावीं असा उपदेश असून, तसें न केल्यास परराष्ट्रें हात घालतील, हें सुचविलें आहे. फल २८ एप्रिल १८९९ च्या इंग्लंड-रशियाच्या करारांत दिसतें : चीनच्या मोठ्या भिंतीच्या उत्तरेस इंग्लंडनें व यांगत्सेच्या खोऱ्यांत रशियानें लोहमार्गांचे मक्ते मागूं नयेत, असें या दोघांनीं आपसांत ठरविलें. ज्याची भूमि, तो चीन या करारांत पक्षकारच नव्हता. आणि एक शेवटची गोष्ट. १८७६ सालीं वूसुंगचा मार्ग परत घेण्याच्या वाटाघाटींत चीनतर्फे जे होते, त्यांत शेंग श्वेन-ह्वाई हा एक तरुण अधिकारी होता. पस्तीस वर्षांनीं, मे १९११ मध्यें, दळणवळणखात्याचा मंत्री म्हणून त्यानेंच प्रांतांतील लोकांनीं वर्गणीनें उभारलेल्या लोहमार्ग-कंपन्या सरकारजमा केल्या, व त्याच महिन्यांत चार राष्ट्रांच्या पेढ्यांकडून लोहमार्गांसाठीं कर्ज घेतलें. सेचुआन प्रांत पेटला, आणि १० ऑक्टोबर रोजीं वूचांग येथें क्रांतीस आरंभ झाला. रूळांस भिणारे म्हणून ज्यांची शाळाशाळांतून थट्टा झाली, तेच लोक रूळ आपल्या हातांतून जातात म्हणून राज्यावर उठले.

हा विषय दूरच्या देशाचा असला तरी त्याचें तात्पर्य आमच्या घरचें आहे. मराठ्यांच्या उत्तरकालाविषयीं लिहितांना पुणें रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार हें आमच्या अभ्यासकांचें मोठें साधन आहे, व तें असावेंच. मॅलेटच्या पत्रांवांचून १७८६ नंतरच्या दशकाचा पुणें दरबार नीट दिसत नाहीं. परंतु नाना फडणीस कावेबाज, अमुक सरदार आळशी, तमुक लोभी, हीं विशेषणें त्या पत्रांतून उचलून आपल्या वाक्यांत घालतांना तीं विधीचा भाग आहेत कीं अर्थवादाचा, हें आपण क्वचितच विचारतों. सुदैवानें आमच्याकडे वकिलांचीं मराठी पत्रेंही विपुल आहेत; दोन्ही समोरासमोर ठेवून वाचण्याची सोय आहे. ती असतां एकच बाजू वाचणें हा साधनांच्या अभावाचा नव्हे, तर आळसाचा दोष होय, आणि त्याचे वांटेकरी आम्हीही आहों.

चिनी भाषा आम्हांस येत नाहीं. त्या बाजूचा विचार भाषांतरांच्या आधारें केला आहे, ही या लेखाची मर्यादा आम्ही जाणतों. मूळ चिनी कागद वाचूं शकणारा कोणी अभ्यासक आमचें विवेचन चुकीचें ठरवील, तर त्याचें आम्ही स्वागतच करूं. मात्र ज्या मुलांस आम्हीं ती जुनी हकीकत सांगितली, त्यांच्यापैकीं कांहीं आतां स्वतःच शिक्षक झाले आहेत. त्यांच्या हातीं हें त्रैमासिक पडलें, तर त्यांनीं आपल्या वर्गांत ती कथा पुढें चालवूं नये, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.